पुटपुट

पंख्याला आवाज होता.

कलीमच्या मोबाईलच्या दुकानातल्या छताच्या पंख्याला. देवानंद वर्षानुवर्षं त्याच पंख्याखाली, त्याच स्टुलावर बसत आला होता. पंखा फिरतो, वारा येतो, एवढाच दोघांचा संबंध. आज कानात दोन पांढरे इयरबड्स घालून तो बसला होता, आणि प्रत्येक फेरीला पंखा बारीकसं ‘किट्’ करतो हे त्याला कळलं. कुणी नावानं हाक मारावी तसं दचकून त्यानं वर पाहिलं. मग पत्र्यावर नखं वाजली. कबुतरं असणार, तरी त्याला क्षणभर वाटलं, वर कुणी बारीक वाळू सांडतंय. मग कलीमनं एका नव्या फोनच्या काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलला, आणि तो आवाज इतका धारदार, इतका ताजा आला की देवानंदच्या मानेवर काटा उभा राहिला. “परत एकदा काढ बे ते,” तो म्हणाला. कलीमला कळेना. “काय सर?” “तो कागद. परत चिटकव अन् परत काढ.” कलीमनं चिकटवला, काढला. देवानंद गोड पदार्थ तोंडात विरघळू द्यावा तसा डोळे मिटून ऐकत राहिला.

थोड्या वेळापूर्वीच कलीमनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, कारण या इयरबड्ससोबत फोनमध्ये ऐकण्याची चाचणी येत होती आणि चाचणीला शांतता हवी होती. टुंग आवाज आला की पडद्यावर बोट टेकवायचं, एवढंच. देवानंदनं पहिले काही आवाज मोठ्या ऐटीत टिपले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. “अडकलं वाटते ॲप,” तो म्हणाला होता. “अडकलं नाई सर, चालूच हाय,” कलीम पडद्याकडे पाहत म्हणाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा जपून ठेवल्यासारखं झालं होतं. शेवटी दोन रेघा उमटल्या, डाव्या कानाची एक, उजव्याची एक. सुरुवातीला दोन्ही सपाट, मग राजूर घाटासारख्या खाली, खाली, खाली. खाली लिहिलं होतं की उंच आणि बारीक आवाज तुम्हाला कमी ऐकू येतात, डॉक्टरांना भेटा. आणि तोवर हवं असेल तर आम्ही ते आवाज मोठे करून देतो. कलीमनं वातावरण हलकं करायला म्हटलं, “सर, आजलोक तुमी मशीन तपासत होते. आज मशीननं तुमाले तपासलं. मशीन पास, तुमी फेल.” देवानंद हसला. मग त्यानं ती आवाज मोठे करण्याची सोय सुरू केली, आणि पंखा ‘किट्’ म्हणाला.

कारंजा चौकाजवळच्या त्या दुकानात काहीही नवं आलं की ते आधी देवानंदकडे आठवडाभर नांदायला जाई. आयटीआयमध्ये तो फिटर शाखेचा निदेशक. दिवसभर कानस, ग्राइंडर, हातोडी, आणि पोरांवर ओरडणं. संध्याकाळी मात्र त्याचा खरा दिवस उगवे. नव्या वस्तूचं खोकं उघडायचं, तिच्यावरचा तो फॅक्टरीचा गार वास घ्यायचा, बटण दाबायचं आणि ती जागी होताना पाहायची. त्या पहिल्या अर्ध्या तासासाठी तो जगत असे म्हटलं तरी चालेल. ॲप्सचंही तेच. उतरवायचं, वापरायचं आणि खाली मराठीत मनापासून अभिप्राय लिहायचा. हवामानाच्या एका ॲपखाली त्यानं लिहिलं होतं, ‘पाऊस बुलढाण्यात सांगितला, पडला चिखलीत. अंतर कमी करावे.’ बोलून टाइप करण्याच्या एका ॲपखाली लिहिलं होतं, ‘काऊन म्हटले की काउंटर लिहिते. वऱ्हाडी शिकवावी, मी मदतीस तयार आहे.’ कुठल्यातरी कंपनीतून एकदा ‘धन्यवाद, लक्ष घालतो’ असं उत्तर आलं होतं, तेव्हा तो दोन घास जास्त जेवला होता. लहानपणी सोनाळ्याला त्याचे वडील, कडूबा, यांनी बाजारातून एक टेपरेकॉर्डर आणला होता. देवानंदनं तो पहिल्याच दिवशी उघडून बसवला होता, आणि बसवल्यावर एक स्क्रू उरला होता, तरी टेप वाजत होता. वडिलांनी तो स्क्रू हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि नुसते हसले होते. वडील सारखेच नुसते हसत. कडूबा म्हणजे शांत माणूस, असं सगळं सोनाळा म्हणे. स्कूटर सुरू करताना हे आठवलं आणि देवानंदचा हात किल्लीवर थांबला. बाबा शांत होते, की बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं?

घरापर्यंतचा रोजचा रस्ता त्याला त्या दिवशी लग्नाच्या मांडवातून गेल्यासारखा वाटला. चपला वाजत होत्या. सायकलची साखळी वाजत होती. कुणाच्या तरी हातातली पिशवी चुरचुरत होती. पठारावरचा वारा निलगिरीच्या पानांतून जाताना एरवी नुसता दिसत असे, पानं हलत; आज तो ऐकू येत होता. आपल्या स्वतःच्या खिशातल्या किल्ल्यासुद्धा इतकी बडबड करत असतात हे माहीत नसलेला माणूस आपण, असं त्याला वाटलं, आणि एकाच वेळी लाजही वाटली आणि शीळ घालावीशीही. बायकोला, सुचिताला, सांगायचं असं ठरवून तो घरात शिरला. ती हॉलमध्ये जमिनीवर बसून मेथी निवडत होती, पोस्टातल्या नोकरीवरून येऊन नुकतीच टेकलेली, केसातली क्लिप अजून तशीच. त्याच्या कानाकडे तिनं पाहिलंही नाही, कारण त्याच्या कानात, मनगटावर, खिशात रोज काहीतरी नवं असेच. “चहा घेता?” तिनं मोठ्यानं विचारलं. “ठेव,” तो म्हणाला आणि नेहमीच्या खुर्चीकडे वळला. आणि मागून, मेथीच्या देठांच्या कट्कट् आवाजातून, अगदी खालच्या स्वरात, पण स्वच्छ ऐकू आलं, “बसा महाराज. सिंहासन पुसूनच ठेवलं हाय.”

देवानंद अर्धवट बसलेला तसाच राहिला. घरात दुसरं कुणी आहे का म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं. सुचिताचा चेहरा नेहमीसारखा, मेथीकडे खाली झुकलेला. ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्याला सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं. प्रयोग म्हणून, निव्वळ चाचणी म्हणून, त्यानं हाक दिली, “सुचिता, माहा चष्मा कुठी हाय?” “टीव्हीजवळ!” मोठ्यानं उत्तर आलं. आणि पाठोपाठ, गॅसच्या सूंऽऽ आवाजाखालून, “चष्म्याले बी एक मोबाईल घेऊन द्या. फोन करून बोलवत जा.” देवानंद घाईनं न्हाणीघरात गेला, नळ पूर्ण सोडला आणि बादलीवर वाकून हसला. बाहेर येताना त्यानं चेहरा धुतला होता. “इतक्या लवकर आंघोळ?” तिनं विचारलं. तो म्हणाला, “उकडते जरा.” ती वळली. “थंडीच्या दिवसात उकडते. हे बी नवीनच मॉडेल.”

पुढचे काही दिवस तो सुखानं वेडा झाला होता. आपली बायको घरात एक दुसरी भाषा बोलते, आपल्या ऐकण्याच्या बरोबर एक इंच खाली, आणि त्या भाषेत ती अख्ख्या बुलढाण्यातली सर्वांत गमतीदार बाई आहे, हे त्याला कळलं होतं. जुनी झालेली माणसं एकमेकांशी कमी बोलतात, असं त्यानं मानून टाकलं होतं. मुलगी मयुरी पुण्याला नोकरीला गेली तेव्हापासून घर शांत झालं, वयच तसं, पोस्टात दिवसभर बोलून सुचिता दमत असणार. अशी कारणं त्यानं एकावर एक रचून ठेवली होती आणि त्या रचनेला समाधान असं नाव दिलं होतं. आता तो मुद्दाम प्रश्न विचारी. मोगऱ्याच्या कुंडीत ओल मोजणारी एक काडी कलीमकडून आणली होती, तिची माहिती त्यानं जेवताना दिली, “झाडाले तहान लागली का सरळ मोबाईलवर मेसेज येते.” “वा,” सुचिता मोठ्यानं म्हणाली. मग ताटावर वाकून, “झाडाचा येते. बायकोचा कवा येईन?” घरात आपोआप फिरून झाडू मारणारं गोल यंत्र दिवाणाखाली जाऊन अडकलं तेव्हा तिनं गुडघ्यावर बसून त्याला काठीनं बाहेर ओढलं आणि त्याच्याशीच बोलली, “कामाचं नाव काढलं का गेला दिवाणाखाली. या घराचा गुण लागला बापा तुले.” शेजारच्या तानाबाई वाटीभर साखर मागायला येऊन तासभर बसून गेल्या, तेव्हा दार लावता लावता ती म्हणाली, “साखर नेली तं नेली, सोफ्याले खड्डा ठेवून गेली.” देवानंदला प्रत्येक वेळी न्हाणीघर गाठावं लागे. संध्याकाळी तो आयटीआयमधून थेट घरी येऊ लागला. कलीमनं फोन करून विचारलं, “सर, तब्येत बरी हाय ना? नवीन घड्याळ येऊन पडलं, तुमी पाहाले बी नाई आले.”

पण सुखात एक बारीक खडा होता. रात्री बड्स डबीत ठेवल्यावर घर पुन्हा कापसात गुंडाळलं जाई आणि त्या कापसात तो विचार करत पडे. हे केव्हा सुरू झालं असेल? लग्नानंतर ते चैतन्यवाडीतल्या एका खोलीत राहत, तेव्हा सुचिता मोठ्यानं बोलत असे, हे त्याला नक्की आठवत होतं. भांडी घासता घासता काहीतरी बोले, आणि तो वर्तमानपत्रातून मान काढून म्हणे, “काय?” ती परत सांगे. तो परत म्हणे, “काय म्हणली?” आणि तिसऱ्या वेळी ती म्हणे, “काही नाही.” काही नाही. हे दोन शब्द त्यानं किती ऐकले होते! कारण हे दोनच शब्द ती त्याच्याकडे तोंड करून, स्पष्ट म्हणत असे. आता त्याला समजत होतं की त्या प्रत्येक ‘काही नाही’च्या आधी काहीतरी होतं. गंमत एकदा बोलायची असते. ती दुसऱ्यांदा सांगायला लागली की तिची सूचना होते. सुचितानं कधीतरी कंटाळून, न रागावता, आपल्या गमतींना खालच्या मजल्यावर जागा करून दिली असणार. तिथं त्या वाढल्या, जाणत्या झाल्या, त्याच्याविना. एका सकाळी कुकरला शिटी होईना, तेव्हा तिला कुकरजवळ पुटपुटताना त्यानं ऐकलं, “वाज बापा. तुहा तरी आवाज त्यायले ऐकू जाते.” त्या दिवशी त्याला न्हाणीघरात जावं लागलं नाही. तो बूट घालत बसून राहिला, नाडी हातात धरून.

त्याच दिवशी दुपारी सुट्टी टाकून तो पोस्टात गेला. का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. तिच्या खिडकीसमोर मोठी रांग होती. शेजारची खिडकी मोकळी, तिथला माणूस नखं पाहत बसलेला. देवानंद रांगेत शेवटी उभा राहिला, एका उंच माणसाच्या आडोशाला. पुढे चांदबी नावाच्या म्हाताऱ्या बाई मुलाला पार्सल पाठवत होत्या. “काय हाय यात, चांदबी?” सुचिताचा आवाज आला, मोकळा, भरलेला, घरात कधी न ऐकलेला. “आमका अचार हाय बेटा, घरचा.” “मंग पत्ता लिवला नाई तरी चालते. पोस्टमन वासावर जाईन बराबर.” रांग हसली. चांदबी तोंडावर ओढणी धरून हसल्या. पुढचा उंच माणूस मागे वळून देवानंदला म्हणाला, “ती खिडकी खाली हाय पाहा भाऊ, घाई असन तं तिकडं जा. आमी इथंच राह्यतो. घडीभर करमते.” देवानंदला त्या माणसाचा राग आला. मग हेवा वाटला. मग छाती भरून आली आणि त्याला त्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटलं की ती माझी आहे. हे सांगायचा आपल्याला अधिकार आहे का, हे न कळून तो रांग सोडून पायरी उतरला. गावातल्या कुणालाही, तिकीट घ्यायला आलेल्या कुणालाही जे मिळत होतं, ते घरी एक पडदा टाकून ठेवलेलं होतं, आणि तो आता त्या पडद्याच्या फटीला कान लावून बसलेला चोर होता.

सांगून टाकू असं तो रोज ठरवी आणि रोज पुढे ढकली, कारण सांगितलं की पुटपुट थांबणार. शेवटी त्याला सांगावं लागलंच नाही. रविवारी त्याची थोरली बहीण सिंधूताई वरवट बकालहून आली होती. दोघं जेवायला बसले होते, सुचिता आत भाकरी थापत होती, आणि देवानंद बहिणीला पाण्याची एक नवी बाटली दाखवत होता. “ताई, हे पाहा. घडीघडी लाईट लागते. माणसाले आठवण करून देते का पानी पे म्हणून.” सिंधूताईंनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. “बाई बाई, काय काय निंघलं!” आणि तव्याच्या पलीकडून, भाकरीच्या थापांमधून आलं, “पानी पेल्यावर कुठी जाचं, ते बी सांगते का इचारा.” देवानंदच्या तोंडात ताक होतं. ते नाकातून बाहेर आलं. तो खोकला, लाल झाला, आणि मग ज्याला धरून ठेवायला न्हाणीघर नव्हतं, नळ नव्हता, ते हसू घरभर सुटलं. “काय झालं बे?” सिंधूताई त्याच्या पाठीवर थापा मारत विचारत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात सुचिता येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात तसेच लोंबते. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या कानाकडे. बराच वेळ कानाकडे.

सिंधूताई आडव्या झाल्यावर ती हात पुसत त्याच्यासमोर येऊन बसली. “त्यातून गाणे ऐकता ना तुमी?” “नाई,” तो म्हणाला. आणि चाचणी, घाटासारख्या रेघा, पंखा, कबुतरं, सगळं त्यानं सांगितलं. ती ऐकत होती. “म्हणजे मी आत जे बोलते ते...” “हाव.” “सगळं?” “सगळं.” “काढा ते,” ती म्हणाली. त्यानं दोन्ही काढले. तिचे ओठ हलले. तिनं काहीतरी लहानसं, तीनचार शब्दांचं म्हटलं आणि त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला कापूस ऐकू आला. त्यानं मान हलवली, नाही. सुचिताच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. ती उठून आत गेली, आणि तिनं काय म्हटलं होतं हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

मग घर खरोखर शांत झालं. बड्स कानात असताना शांत झालं. फ्रिज गुणगुणत होता, घड्याळ चालत होतं, पाल चुकचुकत होती, आणि सुचिता फक्त लागेल तेवढंच बोलत होती, तेही त्याच्याकडे तोंड करून, एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं, चक्क पुस्तकी मराठीत. “चहा तयार आहे.” “दूध संपलेलं आहे.” तो मुद्दाम चष्मा हरवी, ती मुकाट्यानं आणून हातात देई. यंत्र दिवाणाखाली अडकलं आणि तिथंच राहिलं. त्यानं मयुरीला फोन लावला आणि घुटमळत विचारलं, तुला माहीत होतं का गं, आई अशी बोलते? पलीकडे मयुरी आधी हसली. “बाबा, म्हणजे काय? लहानपणापासून. तुम्ही जेवायला बसले की मी आईच्या बाजूला यासाठीच बसायची.” मग म्हणाली, “मले वाटाचं, तुमाले ऐकू येते पण तुमी भाव देत नाही. मले राग याचा तुमचा.” देवानंद म्हणाला, “ऐकू नोहतं येत बेटा.” “हो ना,” ती हळू म्हणाली. त्याला ‘हो ना’ स्पष्ट ऐकू आलं, त्यातला ओलावासुद्धा, आणि त्याला वाटलं की ऐकू येणं म्हणजे नुसतं सुख नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुचिता गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तो इयरबड्सची डबी घेऊन वर गेला आणि ती त्यानं कठड्यावर ठेवली. “हे परत देऊन येतो कलीमले.” तिचे ओठ हलले. त्यानं कानाला हात लावला. तिनं डबीकडे बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाली, “आधी घाला ते. मले दोनदा बोलाचा कटाळा हाय.” त्यानं घातले. वाऱ्यानं दोरीवरची चादर फडफडली, फटाके फुटावेत तशी. “काऊन परत देता? बिघडले का?” “नाई. पन मी चोरून ऐकलं, तुले न सांगता.” ती चिमटे गोळा करत होती. एक एक चिमटा डब्यात टाकत म्हणाली, “मी बी चोरूनच बोलली ना. फिटमफाट.” “मंग बोलत काऊन नाई आता?” सुचितानं चिमट्यांचा डबा कठड्यावर ठेवला. “भेव वाटते. आता ऐकू जाते म्हटल्यावर इचार करून बोला लागन. इचार करून बोललं का ते हासाचं राह्यत नाई.” “पोस्टात तं सगळ्यायले ऐकू जाते,” तो म्हणून गेला. तिनं वळून पाहिलं. “तुमी पोस्टात आलते?” “आलतो. रांगेत उभा होतो.” “कोन्या रांगेत?” “तुह्याच.” “शेजारची खाली होती ना?” “हाव. खालीच होती.” सुचितानं मान खाली घातली, पण तिच्या गालावर जे आलं ते त्यानं पाहिलं, ते ऐकू येण्याची गरज नव्हती.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. खाली रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. “पोस्टातली नोकरी तं तुमच्याचमुळं हाय,” ती म्हणाली. “माहेरी सगळे म्हणत, लेकरू लहान, नवरा परीक्षा देऊ देते का तुले. फॉर्म भराची शेवटची तारीख होती. मी मयुरीले कडेवर घेऊन तुमच्या वर्कशॉपमधी आली. दारातून इचारलं, परीक्षेले बसू का म्हणून. तुमी मशीन बी थांबवली नाई. नुसती मान हालवली, दोनदा, अन् असा हात वर केला, का जा, बिनधास्त जा.” तिनं हात वर करून दाखवला. “मले रडू आलं होतं रस्त्यानं. म्हटलं असा मानूस कोनाले भेटते. त्याच्यानंतर कवाबी तुमचा राग आला ना, तो हात आठवते.”

देवानंदला तो दिवस आठवला. दारातला उजेड आठवला, ग्राइंडरवरून उडणाऱ्या ठिणग्या, त्यांच्या पलीकडे कडेवर पोर घेऊन उभी असलेली सुचिता आणि तिचे हलणारे ओठ. त्याला वाटलं होतं की ती बाजारात जातेय, भाजीला, आणि तेच सांगायला डोकावली आहे. त्यानं मानेनंच हो म्हटलं होतं. संध्याकाळी पिशवी रिकामी पाहून त्याला नवलही वाटलं होतं. पुढे एक दिवस परीक्षेचं बोलावणं आलं, तेव्हा हिनं आपल्याला न विचारताच सगळं ठरवलं, असं त्याच्या मनात आलं होतं. बारीक काटा, पण त्यानं तो गिळला होता, तिला अकोल्याला परीक्षेला घेऊन गेला होता, बाहेर झाडाखाली मयुरीला खेळवत बसला होता, आणि न विचारल्याबद्दल आयुष्यात एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आणि ती इतकी वर्षं त्या हाताच्या आधारानं उभी होती. आत्ताही तिचे डोळे भरलेले होते. गप्प राहता आलं असतं. मान हलवता आली असती, दोनदा. बाबांसारखं नुसतं हसता आलं असतं. कुणाचं काय बिघडलं असतं? त्याला वाटलं, आता गप्प राहिलो तर पुन्हा तेच, कापसाच्या आतून आणखी एक हो.

“सुचिता,” तो म्हणाला, “मले काईच ऐकू आलं नोहतं त्या दिवशी.”

तिचा वर केलेला हात सावकाश खाली आला.

“ग्राइंडर चालू होतं. मले वाटलं तू भाजी आनाले जाऊन राह्यली.”

चादर एकदा फडफडली आणि थांबली. सुचिताचा चेहरा अगदी कोरा झाला. त्या एका क्षणात देवानंदला आपलं सगळं आयुष्य त्या कठड्यावर चिमट्यांच्या डब्याशेजारी ठेवल्यासारखं वाटलं, वारा जरा जोरात आला तर खाली जाणारं. “भाजी?” ती म्हणाली. “भाजी,” तो म्हणाला. “मंग अकोल्याले काऊन आलते माह्यासंग?” “तू जाऊन राह्यली होती म्हणून,” तो म्हणाला. “एकटी कशी जाशीन, लेकरू घेऊन.”

तिनं तोंडावर हात नेला. खांदे हलायला लागले. तो घाबरून पुढे झाला, आणि मग ते सुटलं, ज्या हसण्यासाठी पोस्टात लोक मोकळी खिडकी सोडून उभे राहत ते, पूर्ण, वरच्या पट्टीतलं, कानातल्या यंत्राला न पेलवणारं. बड्समध्ये ते खरखरलं आणि त्यानं एका हातानं दोन्ही काढून खिशात टाकले. त्याला ते तसंही ऐकू येत होतं. ती खाली बसली, वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर, डोळे पुसत, त्याच्या पायावर चापट्या मारत. तोही बसला. दोघांना एकमेकांकडे पाहवेना.

शेजारच्या गच्चीवर तानाबाई आल्या, कठड्यावरून वाकून त्यांनी हाका मारल्या, “काय झालं वं सुचिता? काऊन एवढे हासून राह्यले तुमी?”

सुचितानं उभं राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशीच बसून तिनं खणखणीत आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “तानामावशी, पेढे घ्याले या! मयुरीच्या बाबाले आज समजलं का मले नोकरी लागली!”